नवशिक्या नेमबाजाचें पहिलें पिस्तूल

गेल्या दिवाळींत आमच्या थोरल्या नातीनें पिस्तूल मागितलें आणि माजघरापासून ओसरीपर्यंत एकच चर्चा सुरू झाली. मुलगी नववींत आहे. आमच्या थोरल्या वहिनींचें म्हणणें असें पडलें कीं, ब्राह्मणाच्या घरांत शस्त्र येऊं नये. कौरवपांडवांचे गुरु द्रोणाचार्य हे भरद्वाजांचेच पुत्र होते, याची मीं त्यांस नम्रपणें आठवण दिली. त्यांचें समाधान झालें नाहीं. तथापि मुलीचा हट्ट अगदींच निराधार नव्हता. २०२४ सालीं पॅरिस येथें मनू भाकर हिनें पिस्तुलावर दोन कांस्यपदकें मिळविलीं, व राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यानें रायफलींत एक. तो शिक्षकाचा मुलगा आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिनें तर २०१८ सालींच जकार्ता-पालेंबांग येथील आशियाई स्पर्धेंत पंचवीस मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक आणलें होतें. तेव्हां प्रश्न पिस्तूल घ्यावें कीं नाहीं हा नसून कोणतें आणि केव्हां घ्यावें, एवढाच उरला.

नवशिक्यानें आरंभ करावयाचा तो हवेच्या पिस्तुलापासून. यांत दारू नसते, काडतूस नसतें. दाबलेल्या हवेच्या जोरानें ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. अंतर दहा मीटर, आणि दहा गुणांचें वर्तुळ अवघें ११.५ मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे आपल्या शर्टाच्या गुंडीएवढें. २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणें या जातीच्या, २० जूलपर्यंत जोराच्या हत्यारास परवाना लागत नाहीं. काडतुसाच्या पिस्तुलास तो लागतो. पण तो विचार पुष्कळ पुढचा.

आतां आमच्या फसगतीची हकीकत सांगितली पाहिजे. तीन वर्षांपूर्वीं नातवासाठीं मीं एका मोठ्या शहरांतील दुकानांतून कांहीं हजारांत स्प्रिंगचें पिस्तूल आणलें होतें. स्वस्त मिळालें म्हणून मनांत मोठा संतोष मानला. परंतु तें ताणावयास त्या बारा वर्षांच्या पोराला दोन्हीं हात व गुडघा लावावा लागे. चाप ओढतांच आंतील दट्ट्या असा धडके, कीं छर्रा नळींतून बाहेर पडण्यापूर्वींच हात हाले. मग चूक नेमाची कीं यंत्राची, हें कळावें कसें? शिवाय अशा पिस्तुलाचा चाप छर्र्यावांचून वारंवार ओढल्यास आंतील भाग खराब होतो. म्हणजे घरीं कोरडा सराव करण्याचीहि सोय नाहीं. तें पिस्तूल हल्लीं माळ्यावर आहे, आणि नातू क्रिकेट खेळतो.

दुसरी जात, प्रत्येक बारास एकदां दांडा ओढून हवा भरण्याची. हिला धक्का जवळजवळ नसतो, किंमतहि मध्यम. मात्र स्पर्धेंत ७५ मिनिटांत ६० बार टाकावयाचे असतात, आणि साठ वेळां दांडा ओढून कोंवळा दंड थकतो. सरावापुरतें हें चांगलें. तिसरी जात, सुमारें २०० बार दाबाची हवा सिलिंडरांत भरून ठेवण्याची. स्पर्धक बहुधा हींच वापरतात. ऑस्ट्रियाचें स्टायर, स्वित्झर्लंडचें मोरिनी, इटलीचें पार्दिनी, जर्मनीचें वाल्थर, हीं नांवें मैदानावर कानीं पडतात. नवें घेऊं गेल्यास खर्च लाखाच्या पुढें जातो.

इतका खर्च पहिल्याच वर्षीं कोणत्याहि कुटुंबानें करूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. निदान सहा महिने शिकविणाऱ्या मंडळींकडील पिस्तूल वापरावें. तेवढ्यांत मुलाची आवड टिकते कीं नाहीं तें कळतें, आणि हाताचें मापहि कळतें. हें माप फार महत्त्वाचें. पिस्तूल एका हातानें धरावयाचें, व मनगटास कोणताहि आधार चालत नाहीं. मूठ लांकडी असून ती लहान, मध्यम, मोठी व उजव्या-डावखुऱ्या हाताची निरनिराळी येते. पकडल्यावर तर्जनीचें पहिलें पेर चापावर सहज पडलें पाहिजे. ओढूनताणून पडत असेल तर तें पिस्तूल कितीहि नामांकित असो, परत ठेवावें. नियमाप्रमाणें वजन दीड किलोपेक्षां अधिक नसावें व चापाचा ताण ५०० ग्रॅमपेक्षां कमी नसावा. मुलांना बहुधा हलकेंच झेपतें.

पुढें घेण्याचें ठरलेंच, तर तिसऱ्या जातीचें वापरलेलें पिस्तूल घेण्यांत कमीपणा नाहीं. मात्र सिलिंडरावरील तारीख अवश्य वाचावी. त्यांचें आयुष्य साधारणपणें दहा वर्षांचें ठरलेलें असतें, व मुदत संपलेलें सिलिंडर स्वस्तांत मिळालें तरी तें महागच. विकणाऱ्यासमोर चापाचा ताण वजन लावून पाहावा, आणि हवा भरून रात्रभर ठेवून दाब उतरतो कीं काय तें पाहावें.

येथें एक गंमत सांगतों. अर्जुनाला केवळ पक्ष्याचाच भाग दिसत होता, ही कथा आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगितली. या खेळांत उलटें आहे: नजर लक्ष्यावर नव्हे, तर नळीच्या टोकावरील माशीवर स्थिर ठेवावयाची, आणि लक्ष्य अंधुकच दिसूं द्यावयाचें! नातीनें हें मला समजावून दिलें, तेव्हां मला क्षणभर निरुत्तर व्हावें लागलें.

घरांत पाळावयाचे नियम मात्र वडीलधाऱ्यांनींच घालावे. छर्रा घालून घरांत बार टाकावयाचा नाहीं. छर्रा डोळ्याला लागला तर डोळा जातो. नळी कोणाकडेहि, रिकामी असली तरी, वळवावयाची नाहीं. छर्रे हाताळल्यावर साबणानें हात धुतल्यावांचून ताटावर बसूं नये, कारण शिसें विषारी. पेटीला कुलूप हवेंच.

सध्यां नात सायंकाळीं पाण्यानें भरलेली लहान बाटली हात लांब करून धरते व कोऱ्या भिंतीसमोर उभी राहते. महिन्यांतून दोनदां तिचा काका तिला पुण्यास बालेवाडीला नेतो. वापरलेलें पिस्तूल पाहण्याचें परीक्षेनंतर ठरलें आहे. वहिनींनीं परवां एवढेंच विचारलें कीं, त्या पेटीची किल्ली कोणाकडे राहणार? ती त्यांच्याच जुडग्यांत, देवघराच्या कपाटाच्या किल्लीशेजारीं राहील, असें मीं कबूल केलें आहे.