बांधीकाठची काळी प्लेट

गोंदियाजवळचं नागरा म्हटलं की आधी जुनं शिवमंदिर आठवतं, मग महाशिवरात्रीची जत्रा. एरवी हा सगळा पट्टा धानाचा. खरिपाचा धान पाऊस आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव निभावून नेतात. उन्हाळी धानाला मात्र बोअर, मोटार आणि वीज लागते. याच जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, तरी शेतीची वीज वर्षानुवर्षं पाळीनेच मिळत आली. रात्रीच्या पाळीला धानाच्या बांधीत उतरायचं म्हणजे साप आणि रानडुकरांच्या वाटेवर उतरायचं. इकडच्या शेतकऱ्याला सोलरची ओढ लागली ती पर्यावरणाच्या काळजीने नव्हे, दिवसाउजेडी पाणी मिळावं म्हणून.

राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना २०२४ मध्ये आली. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. अडीच एकरापर्यंत जमीन असेल तर ३ एचपीचा पंप.

या पंपाला साधारण ३ किलोवॅटच्या सौर प्लेटा लागतात. २५० वॅटची प्लेट होती तेव्हा बारा बसवाव्या लागत, ५४० वॅटची आल्यावर सहांत भागू लागलं. अर्थात यात थोडी हातचलाखी आहे, कारण नवी प्लेट आकारानेही मोठी आहे. चौरस मीटरच मोजले तर १९च्या आसपासची जागा साडेपंधरावर आली. खरी प्रगती तेवढी, आणि तीही लहान नाही.

ही प्रगती झाली ती काचेखालच्या काळ्या चकत्यांत. सिलिकॉनची एक चकती, म्हणजे एक सौरघट, जेमतेम दोन केसांच्या जाडीची असते. तिच्यावर उजेड पडला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि चांदीच्या बारीक रेघा त्यांना गोळा करतात. एका चकतीतून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो, म्हणून चकत्यांची माळ ओवावी लागते. १९५४ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेने असा पहिला कामाचा सिलिकॉन घट दाखवला, तेव्हा उन्हातली सहाच टक्के ऊर्जा विजेत उतरत होती. आजची चांगली प्लेट बावीस टक्क्यांच्या पुढे जाते. ‘टॉपकॉन’ जातीच्या घटात मागच्या बाजूला ऑक्साइडचा एक-दोन नॅनोमीटरचा थर देतात. मोकळे झालेले इलेक्ट्रॉन वाटेत वाया जाणं त्याने कमी होतं.

पण प्लेटेवर छापलेले वॅट मोजले जातात ते २५ अंश तापमानाला. गोंदियाच्या मे महिन्यात काच ६५ अंशांवर सहज जाते, आणि दर जादा अंशाला सिलिकॉनची ताकद ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरते. म्हणजे ऐन उन्हात, धान पाण्यासाठी आसुसलेलं असताना, प्लेट बारा ते सोळा टक्के कमी देते. ऊन हवं पण ताप नको, असा या यंत्राचा स्वभाव.

नुसत्या सिलिकॉनची धाव सिद्धान्तानेच २९.४ टक्क्यांपर्यंत आहे. म्हणून आता त्याच्या डोक्यावर दुसरा पदार्थ बसवतात: पेरोव्स्काइट. १८३९ साली उरल पर्वतात सापडलेल्या खनिजाचं हे नाव. त्याच वर्षी फ्रान्समध्ये बेकरेलने उजेडातून वीज निघते हे पाहिलं होतं. या दोन शोधांची गाठ पडायला २००९ उजाडलं. जपानच्या मियासाकांनी या खनिजासारखी स्फटिकरचना असलेला पदार्थ सौरघटात वापरला, तेव्हा हाती आले ३.८ टक्के. आता सिलिकॉनवर चढवलेला सुमारे अर्ध्या मायक्रॉनचा पेरोव्स्काइटचा थर निळा-हिरवा उजेड टिपतो आणि तांबडा, अवरक्त उजेड खालच्या सिलिकॉनकडे सोडतो. चीनच्या लाँगी कंपनीने अशा जोडघटातून २०२४ मध्ये ३४.६ टक्के काढून दाखवले. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत, २०१० पासून चालू असलेल्या राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन केंद्रात, दिनेश काबरा यांच्या गटाने २०२३ मध्ये २६ टक्के गाठले; पुढे हा आकडा तिसाच्या जवळ गेला.

मात्र हे आकडे बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यांचे. पेरोव्स्काइटला ओल सोसत नाही, उष्णता सोसत नाही, आणि त्यात बहुधा शिसं असतं. काच तडकली आणि ते बांधीत उतरलं तर? गोंदियाचा पावसाळा आणि उन्हाळा ही त्याची खरी परीक्षा. सिलिकॉनची प्लेट पंचवीस वर्षांची हमी घेऊन येते. नव्या पदार्थाने निदान त्याच्या जवळपास टिकून दाखवावं, मगच शेतकऱ्याच्या पैशाला हात लावावा.

तोवर आहे ती प्लेट जपावी. धूळ आणि पाखरांची शीट पहाटे साध्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसावी. तापल्या काचेवर गार पाणी ओतू नये.