बुडबुड्यांच्या स्तंभांतील मिसळ

पनवेलजवळील तळोजा येथें हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीचा कारखाना १९८९ सालीं सुरू झाला. शुद्ध तांबें वितळवून विजेच्या तारांसाठीं सळई ओतणें, हें त्याचें काम. परंतु तांबें अशा भट्टीपर्यंत पोंचण्यापूर्वीं तें दगडापासून वेगळें करावें लागतें. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यांत मलाजखंडची खाण आहे. तेथें शंभर भाग दगडांत तांबें सुमारें एकच भाग असतें. तें निवडावयाचें कसें?

दगड पिठासारखा दळून पाण्यांत कालवितात व त्यांत अशीं रसायनें घालतात, कीं तांब्याचे कण पाणी झिडकारून हवेच्या बुडबुड्यांस चिकटतात. फेस वर येतो, माती खालीं राहते. नेहमींच्या हौदांत हें मिश्रण पंख्यानें घुसळतात. १९६० च्या सुमारास कॅनडांत निघालेल्या स्तंभपद्धतींत मात्र पंखाच नाहीं. दहा-पंधरा मीटर उंच नळकांड्यांत गढूळ पाणी वरच्या अंगानें शिरतें, बुडबुडे तळांतून सोडतात आणि दोहोंची गांठ वाटेंत पडते. फेसावर स्वच्छ पाणी शिंपडून अडकलेली माती धुतात.

येथें मिसळीचा प्रश्न निघतो. कण रांगेनें उतरले, तर प्रत्येकास बुडबुडा भेटण्यास सारखाच अवधि मिळतो. परंतु मोठे भोंवरे उठले, कीं नुकताच शिरलेला कण तळाच्या दारानें निसटतो आणि दुसरा उगाच घोटाळत राहतो. त्याचा जादा वेळ पहिल्याच्या कामीं येत नाहीं. चिकटण्याचा वेग व सरासरी वेळ तोच धरला, तर रांगेच्या वाटेनें ज्यांतील ९५ टक्के कण हातीं लागतात, त्यांतील पूर्ण ढवळलेल्या स्तंभांत ७५ टक्केच लागतात. बाकीचे वीस, दळण्याचा सारा खर्च सोसून, गाळांत जातात.

म्हणून रुंद स्तंभांत उभे पडदे घालून अरुंद कप्पे करितात. स्तंभ ओळंब्यांत ठेवितात. तो किंचित् कलला तरी बुडबुडे एका बाजूनें धांवतात व पाणी चक्राकार फिरूं लागतें. हवा फार सोडली, तर फेसांतही ढवळाढवळ होऊन माती वर चढते.

तरीही हालचाल अगदींच नको असें नव्हे. कण आणि बुडबुडा यांची टक्कर होण्यापुरती ती हवीच. सूप हालविल्यावांचून धान्य पाखडलें जात नाहीं, परंतु धसमुसळेपणानें हालविलें, तर कोंड्याबरोबर दाणेही उडतात.