गिरिभ्रमण आणि दाननिधी

मावळातील डोंगर हे दानाचे डोंगर आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कार्ल्याचे चैत्यगृह कोणा एका राजाने उभारले नाही. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचे यवन, गंधी सिंहदत्त, सोपाऱ्याचे भिक्खू अशा अनेकांच्या दानातून ते साकारले. कोणी स्तंभ दिला, कोणी दार. दात्याचे नाव, त्याचे गाव आणि दिलेली वस्तू हा हिशेब तेथे ब्राह्मी लिपीत सुमारे दोन हजार वर्षे सर्वांसमोर आहे.

आज डोंगर चढून समाजकार्यासाठी निधी जमविण्याची पद्धत अनेक देशांत रूढ आहे. आपले विद्यार्थीही तिच्याविषयी विचारतात. पद्धत सोपी आहे. चढणारा आपल्या परिचितांकडे जातो, अमुक शिखर चढणार असल्याचे सांगतो आणि दर मीटरमागे काही पैसे देण्याचा शब्द घेतो. नुसती पावती पुढे केली तर जो हात आखडता घेतो, तोच माणूस शेजारच्या मुलाच्या घामासाठी खिशात हात घालतो.

एडमंड हिलरी यांनी १९५३ साली तेनसिंग यांच्यासह एव्हरेस्ट सर केले. पुढे १९६० मध्ये हिमालयन ट्रस्ट स्थापून शेर्पांच्या गावांत शाळा व दवाखाने उभारले. खुमजुंगची शाळा १९६१ची. शिखरामुळे मिळालेले नाव त्यांनी असे कामी लावले.

मात्र उंच शिखराचा खर्चही उंच असतो. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक १९ मे २०१२ रोजी एव्हरेस्टवर पोहोचले, तेव्हा त्या मोहिमेला लोकांनी उदार हस्ते मदत केली होती. तो पैसा मोहिमेसाठीच मागितला होता, म्हणून व्यवहार स्वच्छ. परंतु वसतिगृहासाठी म्हणून घेतलेल्या रुपयातून चढणाऱ्याचे तिकीट आणि बूट निघाले, तर ती दात्याची फसवणूक होय. प्रवासखर्च ज्याचा त्याने करावा, हे आमचे स्पष्ट मत आहे. त्यासाठी हिमालय कशाला? आपला लोहगड पुरेसा आहे!

लोहगड १,०३३ मीटर उंच. मीटरमागे १० पैसे धरल्यास एका दात्याचे १०३ रुपये ३० पैसे होतात. तीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी दहा दाते मिळविले, तर ३०,९९० रुपये. मळवलीपर्यंत लोकलने जाता येते, म्हणजे खर्चही नाममात्र. येथे एक खुलासा दात्याला आधीच करावा : ही उंची समुद्रसपाटीपासूनची आहे. लोणावळ्याचा परिसरच सुमारे ६०० मीटरवर असल्याने पायाखालची चढण त्याहून बरीच कमी भरते.

कायद्याकडेही लक्ष हवे. निधी नोंदणीकृत न्यासाच्या नावे, पावतीनेच घ्यावा. नोंदणी नसलेल्या मंडळाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. पावसाळ्यात गडाच्या पायऱ्या निसरड्या होतात, म्हणून हिवाळ्यातला रविवार निवडावा. परतल्यावर आठवड्याच्या आत जमा-खर्चाचा कागद विहाराच्या फलकावर लावावा. ज्यांना नाव नको असेल त्यांच्यापुढे ‘एक उपासिका’ किंवा ‘एक उपासक’ एवढेच लिहावे, रक्कम मात्र पूर्ण लिहावी.