ऐकले, दिसले

पुण्याहून पहाटे साडेतीनला निघालो. मंचर, घोडेगाव, डिंभे धरणाचं आटलेलं पाणी, मग चढ. भीमाशंकर जवळ आलं तशी गाडीची काच खाली केली आणि ऐन मे महिन्यात अंगावर शहारा आला. "मामा, स्वेटर घे म्हणून सांगितलं का नाहीस?" भाचीने विचारलं. तिची ही पहिलीच खेप.

देवळाकडची वर्दळ सुरू व्हायच्या आत गुप्त भीमाशंकरची वाट धरली. अंजनी, जांभूळ, हिरडा यांच्या फांद्या अशा गुंतलेल्या की आभाळ तुकड्यातुकड्यांनीच दिसतं. अर्धा तास भाचीने दुर्बीण खाली ठेवली नाही आणि तिला एकही पक्षी धड दिसला नाही. उन्हाळ्यातल्या दाट रानात नवख्याचं असंच होतं. हिवाळ्यात धरणाच्या काठावर पक्षी डोळ्यांनी मोजायचे, इथं कानांनी. म्हणून माझ्या वहीत दोन रकाने असतात : ऐकले आणि दिसले. दुर्बीणही मी ८×४२चीच नेतो. दहा पटीची घेऊन मिरवणारे पुष्कळ, पण तिच्यात दिसणारा टापू लहान होतो, हात थरथरतो आणि पक्षी पानाआड जातो.

कुटुर्ग्याची 'कुटरूक कुटरूक' तर थांबतच नाही. कान सरावतात आणि तासाभराने ती ऐकू येईनाशी होते. मग दरीच्या बाजूने घुमणारा 'उप्पुपुप' आणि त्याला चिकटूनच एक छोटा 'कूक'. भाचीने वहीत एक पक्षी लिहिला. ते दोन होते. कोयत्यासारख्या वाकड्या, पिवळ्या चोचीचा हा सातभाईंचा भाऊबंद. एक बोलतो, जोडीदार तत्क्षणी उत्तर देतो. मधला सांधा ओळखायला मला दोन उन्हाळे लागले.

आणि ओढ्याकडून शीळ. शीळकरी कस्तुर. इंग्रजांनी त्याला शीळ घालत रमतगमत जाणारा शाळकरी पोरगा म्हटलं, ते खोटं नाही. चाल सुरू करतो आणि मध्येच सोडून देतो. थंडीत बहुतेक गप्प असणारा हा पक्षी पावसाच्या चाहुलीला गळा मोकळा करतो. काही वर्षांपूर्वी याच दिवसांत मी मोबाइलवर त्याची शीळ वाजवली होती. पक्षी तीरासारखा आला, डोक्यावरच्या फांदीवर बसून दुसरा नर शोधत राहिला. फोटो झकास आला. पण नंतर तासभर तिथं शीळ ऐकू आली नाही. तो फोटो मी कुणाला दाखवत नाही.

दुपारी चालणं बंद. आटलेल्या ओढ्यात परातीएवढं डबकं उरलं होतं. त्याच्यापासून वीस पावलांवर बसलो. मध्ये एक शेकरू वरून घसरत खाली आलं. त्याच्यासाठीच मुख्यतः हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. पाचू कवडा पालापाचोळ्यातून चालत आला, पाणी पिऊन गेला. चारच्या सुमारास पांढऱ्या फितीसारखी शेपटी ओढत स्वर्गीय नर्तक उतरला. फांदीवरून सूर मारायचा, पाण्याला पोट टेकवायचं, पुन्हा फांदी. असं पाच वेळा. दुर्बीण भाचीच्या मांडीवरच राहिली.

परतताना तिने रकाने मोजले. ऐकले २४, दिसले ९. शीळकरी कस्तुर पहिल्याच रकान्यात होता.