मोदकाचा डाग आणि दशपुराचे विणकर

गतवर्षी भाद्रपदात कीर्तनसेवेसाठी आम्ही वाईहून कोथरुडास गेलो होतो. दशभुजा गणपतीचे दर्शन घेऊन पौड रस्त्याने मंडपाकडे निघालो, तो कमानींमागून कमानी लागल्या. सराफ, बांधकाम व्यावसायिक, शिकवणीवर्ग. प्रत्येकाची छबी गजाननाहून मोठी! मंडपाच्या दाराशी मात्र हाताने रंगविलेली एक लहानशी पाटी पाहून आम्ही थबकलो. शेजारशेजारच्या मिठाईवाल्यांनी आणि धुलाईवाल्यांनी ती मिळून लावली होती. मजकूर असा: ‘आज मोदक यांचे. सदऱ्यावरचा डाग उद्या आमच्याकडे. एक ते चार दोघेही झोपतो.’

खर्च म्हणाल तर एक फळी आणि वाटीभर रंग. (चितळे बंधूंनी २०१७ साली दुपारीही दुकान उघडे ठेवावयास प्रारंभ केला, तरी पुण्यातील हा जुना विनोद काही झोपला नाही.) येणारा प्रत्येक जण हसून आत जात होता. कमानी कोणाकोणाच्या होत्या, हे आज आम्हांस आठवत नाही.

इतक्यात कार्यकर्त्यांनी देणगीदारांच्या नावांची चिठ्ठी हाती दिली. ‘बुवा, उत्तररंगाआधी एवढी वाचा.’ व्यासपीठावरून दुकानांची नावे घेण्यास आम्ही आजवर नाक मुरडीत आलो. त्या पाटीने मात्र आम्हांस मंदसोरच्या शिलालेखाची आठवण दिली.

लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी दशपुरास, आजच्या मंदसोरास, येऊन वसली. त्यांच्यातील काही धनुर्विद्येत शिरले, काही कथाकथनात. म्हणजे आमचेच पूर्वसूरी! मालव संवत ४९३ मध्ये, इसवी सन ४३६ च्या सुमारास, या श्रेणीने स्वखर्चाने सूर्यमंदिर उभारले आणि पुढे वत्सभट्टि कवीकडून प्रशस्ती रचवून घेतली. त्या प्रशस्तीत कवी मिस्कीलपणे सांगतो की, तारुण्य, रूप, सुवर्णहार, तांबूल, फुले सारे असूनही स्त्री रेशमी वस्त्रांची जोडी ल्याल्यावाचून प्रियकराच्या भेटीस जात नाही. देवाच्या दारी, काव्याच्या मिषाने, आपल्या मालाची केवढी चतुर जाहिरात!

अशी चतुराई सर्वांनाच साधते असे नाही. अमूलच्या फलकावर ‘गणपती बाप्पा मोअर घ्या’ ही कोटी झळकली, तेव्हा मोठा आक्षेप आला होता. कोटी फक्कड, पण ती भक्तांच्या जयघोषावर बेतलेली. कोथरूडच्या दुकानदारांनी स्वतःचाच डाग आणि स्वतःचीच झोप हसण्यावारी नेली. तेथे रागावणार कोण?

त्या विणकरांविषयी आणखी एक गोष्ट शिलालेखात आहे, आणि आम्हांस तीच अधिक मोलाची वाटते. पुढे मंदिराचा काही भाग पडला, तेव्हा संवत ५२९ मध्ये, म्हणजे छत्तीस वर्षांनी, त्याच श्रेणीने त्याचा जीर्णोद्धार केला. आमच्या कमानी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी उतरतात.

आम्ही ही कथा त्या रात्री सांगितली आणि मग चिठ्ठी वाचली. सर्व नावे, एकाच स्वरात. आरतीनंतर धुलाईवाले पाया पडावयास आले. म्हणाले, “बुवा, छत्तीस वर्षांचं काही सांगत नाही. पण मांडवाचं कापड उद्या उतरलं की धुऊन, घडी घालून ठेवतो. दरवर्षी तसंच ओलं गुंडाळून ठेवतात हो!”