शेजारच्या घराचा उंबरठा

दिवाळीचा फराळ संपत आला की आपल्याकडे प्रवासाचे बेत शिजू लागतात. अशा वेळी कोणीतरी सांगतो, 'भूतानला व्हिसा लागत नाही हो!' झाले, घरची मंडळी निश्चिंत होतात. परंतु व्हिसा लागत नाही याचा अर्थ काहीच लागत नाही असा नव्हे. हा भेद ध्यानात न घेणाऱ्यांची सहल ऐन सरहद्दीवर अडू शकते. आणि अडण्याचा संभव सर्वांत अधिक कोणाचा? घरातल्या आजींचा!

'व्हिसा' हा शब्द मूळ लॅटिनमधला. त्याचा अर्थ 'पाहिलेले'. म्हणजे आपले कागद आधीच कोणी तपासून ठेवले आहेत, अशी ती खूण. भूतानसाठी आपल्याला ही खूण लागत नाही. म्हणूनच आपण कोण, हे दाखवणारे कागद खणखणीत हवेत.

घोटाळा होतो तो नेपाळमुळे. 1950 च्या करारामुळे भारत आणि नेपाळ यांच्यात जाणेयेणे मोकळे आहे. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. मात्र पंधरा वर्षांखालील मुलांना व पासष्टीच्या पुढच्या वडीलधाऱ्यांना आधार कार्डही चालते. तिथे आजींचे काम भागते, आणि मग तेच कार्ड घेऊन लोक भूतानला निघतात. पण भूतानच्या दारात आधारही चालत नाही आणि पॅन कार्डही नाही. तिथे किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट हवा, नाहीतर मतदार ओळखपत्र. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पासपोर्ट किंवा इंग्रजीतला मूळ जन्मदाखला, आणि सोबत पालक. गावच्या ग्रामपंचायतीचा जुना दाखला केवळ मराठीत असेल, तर वेळीच इंग्रजी दाखला मिळवण्याच्या खटपटीला लागावे.

आता आजींचे पाहा. पासपोर्ट त्यांनी कधी काढलेलाच नसतो. मतदार ओळखपत्र कुठल्यातरी ट्रंकेत, त्यावर नावाचे स्पेलिंग निराळे. हे सारे घरी बसून निस्तरता येते. जयगावच्या कमानीपाशी उभे राहून नाही.

या कमानीपलीकडे फुंतशोलिंग. तिथून थिंफू किंवा पारोला जायचे तर प्रवेशपरवाना घ्यावा लागतो. शिवाय 2022 च्या सप्टेंबरात भूतानने कोरोनानंतर आपली दारे उघडली, तेव्हापासून भारतीयांनाही दररात्री माणशी 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याहून लहानांना माफ. आईवडील, आजी आणि दहा वर्षांचा मुलगा असे चौघे चार रात्री राहिले, तर 16,800 रुपये झाले. हॉटेल आणि मोटारभाडे वेगळे. अंदाजपत्रकात हा आकडा पहिल्या ओळीत लिहावा.

'शेजाऱ्याकडे जायचे आणि वर पैसे?' असे कोणी कुरकुरेल. पण जेमतेम आठ लाख वस्तीचा तो डोंगराळ देश आहे. देशाची किमान साठ टक्के भूमी वनाच्छादित राहिलीच पाहिजे, असे त्याच्या राज्यघटनेतच लिहिले आहे. पाहुण्यांचा लोंढा त्याला पेलणारा नाही. 1958 साली पंडित नेहरू इंदिराजींसह भूतानला गेले, तेव्हा मोटाररस्ताच नव्हता. नथुला ओलांडून तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि याकवर बसून त्यांना पारो गाठावे लागले. आज आपण त्याच देशात फुंतशोलिंगहून मोटारीने काही तासांत पोहोचतो. एवढ्या सोयीपुढे दोन कागद आणि थोडे शुल्क म्हणजे फार मोठे ओझे नव्हे.

तेव्हा तिकिटे काढण्यापूर्वी सर्वांची ओळखपत्रे टेबलावर मांडा. नावे, तारखा, मुदती ताडून पाहा. नियम आणि दर बदलतात, म्हणून निघण्याआधी भूतानच्या पर्यटन खात्याची ताजी माहिती घ्या. आणि सर्वांत आधी आजींचे कार्ड शोधा. सहल त्यांच्याही हक्काची आहे.