तणनाशक आपल्या खाचरात, पाणी सगळ्यांचे

बेणणीला माणूस मिळेना म्हणून तणनाशकाकडे वळणे साहजिक आहे. पण पनवेल तालुक्यात वरच्या खाचराचे पाणी खालच्या खाचरात, तिथून ओहोळात आणि पुढे गाढी, पाताळगंगेत जाते.

ब्युटाक्लोर माशांना घातक आहे. लावणीनंतर आठवड्याच्या आत ते देताना खाचरात पाणी थोडेच ठेवा, बांधाचे तोंड बुजवा आणि काही दिवस पाणी सोडू नका. आभाळ भरून आले असेल, तर काम पुढे ढकला. मोठ्या सरीने औषधही जाते, पैसाही जातो.

२,४-डी भाताला सोसते. शेजाऱ्याच्या वांगी, भेंडी, मिरचीला नाही. वाऱ्याने तुषार गेले तरी पाने आकसून वेडीवाकडी होतात, मग बांधावर भांडण! वारा शांत असताना, चपटा फवारा देणारे नोझल खाली धरून, कमी दाबाने फवारा. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा.

मात्रा लेबलप्रमाणे मोजून घ्या, टोपणाचा अंदाज नको. हातमोजे घाला. रिकामा डबा ३ वेळा विसळून ते पाणी पंपातच ओता, डब्याला भोके पाडा. पंप विहिरीवर किंवा ओहोळात धुऊ नका. ग्रामपंचायतीने विहिरीपाशी तशी पाटीच लावावी. उद्या तेच पाणी आपल्या घरी येणार आहे.